गाबोळीची साक्ष

डॉक्टर सुचित्रा वऱ्हाडपांडे यांनी न्यू जर्सीतल्या एका हॉस्पिटलात तीस वर्षं बाळंतपणं केली, आणि त्या सगळ्या काळात त्यांच्यासमोर आवाज चढवायची सूट फक्त कळा देणाऱ्या बाईला होती. नवरे, नर्सा, विम्याची माणसं, सगळी दबक्या आवाजात बोलायची. रिटायर झाल्यावर हा दरारा ठेवायचा कुठे असा प्रश्न आला, तेव्हा तो पार्सिपनीच्या घरी आणण्यात आला. घरात एकच माणूस होतं, नवरा चारुदत्त, आणि तो मुळातच हळू बोलायचा. म्हणजे सगळा दरारा नुसता वाया जात होता.

बाईंचं माहेर वेंगुर्ल्याचं, त्यामुळे मासा हा त्यांच्या लेखी जेवणाचा नव्हे, श्रद्धेचा विषय होता. चारुदत्त नागपूरचा, पिढीजात शाकाहारी. प्रेमविवाह ठरला तेव्हाच दोघांत तह झाला होता. घरात मासे शिजतील, चारुदत्त नाक मुरडणार नाही, आणि बदल्यात सुचित्राबाई त्याला 'नुसता रस तरी घे' असा आग्रह करणार नाहीत. चारुदत्तने आपली बाजू इमानाने पाळली. बाईंनी आपली बाजू जमेल तेव्हा मोडली.

पण वर्षभराचे मासे एकीकडे आणि मे महिन्यातली पोर्गी एकीकडे. पोर्गी म्हणजे तळहातापेक्षा थोडा मोठा, चंदेरी, काटेरी मासा. मे महिन्यात तिच्या पोटात गाबोळी असते, म्हणजे अंड्यांची केशरी-पिवळी जोडपिशवी. हळद, तिखट, मीठ लावून, तांदळाच्या पिठात घोळवून ती तव्यावर टाकली की सुचित्राबाईंची अमेरिकेत आल्याबद्दल कसलीच तक्रार राहायची नाही. समुद्रकाठच्या धक्क्यावर सॅल नावाचा एक कोळी होता. त्याच्या दोन्ही मुली बाईंच्याच हातून जन्मल्या होत्या. एकदा तो मासे साफ करताना गाबोळी बादलीत फेकताना दिसला, तेव्हा बाई अशा ओरडल्या की त्याच्या हातातली सुरी पडली. तेव्हापासून सॅल दर मे महिन्यात फुगीर पोटाच्या पोर्ग्या वेचून 'डॉक'साठी बाजूला ठेवायचा.

या गाबोळीला आणखी एक भागीदार होती. बाईंची एकुलती एक मुलगी, ऋता.

ऋता लहान होती तेव्हा बाई बाळंतपणांची नाइट ड्यूटी करून सकाळी घरी यायच्या आणि ही दूध-सीरियलचा बाउल पुढ्यात घेऊन विचारायची, "आई, सुटल्या का सगळ्या?" बाई म्हणायच्या, "सगळ्या सुखरूप." मग दोघी आपापल्या कामाला लागायच्या, एक शाळेत, एक झोपायला. हा प्रश्न केव्हा बंद झाला ते बाईंच्या लक्षातही आलं नाही. लक्षात आलं तेव्हा ऋता इंग्रजीत उत्तरं द्यायला लागली होती, आणि मेडिकलला न जाता माशांवर पीएचडी करत होती. "डॉक्टरच्या पोटी मासेवाली आली," असं बाई महाराष्ट्र मंडळात हसत हसत सांगायच्या. हसण्यात थोडी कळ असायची, पण मंडळात तेवढं कोण ऐकतं?

आता ऋता चौतिशीची होती आणि डेलावेअरमध्ये राहायची. थँक्सगिव्हिंगला यायची, दिवाळीला यायची, आणि लॅपटॉपमध्ये तोंड घालून बसायची. दुसऱ्या दिवशी जेवणापर्यंत मायलेकींचं कशावरून तरी वाजायचं आणि ती तासभर आधीच निघायची. पण मे महिन्यात चमत्कार व्हायचा. ऋता दोन रात्री राहायची. स्वयंपाकघरातल्या उंच स्टुलावर पाय हलवत बसायची, आणि ताटली पुढे करून म्हणायची, "आई, अजून एक." एरवीची 'मॉम' त्या दोन दिवसांत 'आई' व्हायची. सुचित्राबाईंनी मनोमन हिशेब पक्का केला होता. पोरगी येते ती गाबोळीसाठी. गाबोळी आहे तोवर पोरगी आहे.

म्हणून सॅलचा फोन आला तेव्हा त्यांनी हातातलं सगळं खाली ठेवलं.

"डॉक, काउन्सिल मे महिना बंद करायला निघालीय," सॅल म्हणाला. हा सगळा संवाद अर्थात इंग्रजीत, आणि सॅलच्या मूळ वाक्यांतून बरेच शब्द गाळून. "पोर्गी पकडायचीच नाही. म्हणे ती अंडी घालायला खाडीत येते."

काउन्सिल म्हणजे कुठला मासा कोणी, किती आणि केव्हा पकडायचा हे ठरवणारी मंडळी. त्यात कोळी असतात, शास्त्रज्ञ असतात, सरकारी माणसं असतात, आणि ती सगळी भरसभेत, लोकांसमोर भांडून निर्णय घेतात. सॅलचं आणि त्याच्या दोस्तांचं म्हणणं होतं की पोर्गी अंडी घालते जूनमध्ये, मे महिन्यात तिला पकडली तर कुणाचं काही बिघडत नाही. काउन्सिलकडे उलट पुरावाही नव्हता, कारण मासे मोजणारी सर्व्हेची बोट गेले दोन वसंत इंजिन खोलून धक्क्यावर पडली होती.

"तुम्ही येऊन बोला," सॅल म्हणाला. "मे महिन्यातल्या पोर्गीला गिऱ्हाईक आहे, एवढंच सांगा. डॉक्टरचं ऐकतात लोक."

बाईंच्या डोळ्यांसमोर पोर्गी आलीच नाही. त्यांना ते रिकामं स्टूल दिसलं.

असल्या वेळी आपला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. ओळख लावायची ठरवली. आणि ओळख तर घरातलीच होती, कारण ऋता त्या काउन्सिलच्याच ऑफिसात नोकरीला होती. नेमकं काय करते हे बाईंनी कधी खोलात जाऊन विचारलं नव्हतं. माशांचं काहीतरी कॉम्प्युटरवर करते, एवढं त्यांना माहीत होतं.

"ऋता, तुमच्या ऑफिसात कुणाच्या तरी डोक्यातून हे मे बंद करायचं खूळ निघालंय," त्या फोनवर म्हणाल्या. "जरा सांगून बघ ना त्याला."

"सांगून बघ कोणाला?"

"ज्याने लिहिलंय त्याला. चांगला असेल तर ऐकेल."

ऋता म्हणाली, "मॉम, आय रोट इट. इट्स माय प्रपोजल."

"तू?" सुचित्राबाईंचा दरारा बऱ्याच दिवसांनी कामाला लागला. "तू स्वतः? लहानपणापासून ताटल्या चाटूनपुसून खाल्ल्यास तू!"

"मॉम, दॅट्स नॉट द पॉइंट. अँड यू कान्ट जस्ट कॉल मी. देअर इज अ प्रोसेस. पब्लिक मीटिंग आहे. पब्लिकपैकी कोणीही येऊन बोलू शकतं."

"बरं," सुचित्राबाई म्हणाल्या. "मग मी पब्लिक." आणि त्यांनी फोन ठेवला.

ऑक्टोबरात मीटिंग भरली ती समुद्राजवळच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये. त्याच हॉलमध्ये मंडळाची दिवाळी व्हायची, त्यामुळे चारुदत्तला पार्किंगपासून बाथरूमपर्यंत सगळं ठाऊक होतं. तो मंडळाचा माजी अध्यक्ष होता आणि सभाशास्त्रावर त्याचं फार प्रेम होतं. नवऱ्याला मासे आवडत नसले तरी मासेवाल्यांची सभा इतकी आवडेल हे बाईंना माहीत नव्हतं. मागल्या सभेच्या इतिवृत्तातली एक चूक दुरुस्त करण्यात अर्धा तास गेला, तर याचे डोळे चकाकायला लागले. एकाने सूचना मांडली, दुसऱ्याने उपसूचना, तिसऱ्याने उपसूचनेत दुरुस्ती, आणि चौथ्याने आपण नेमके कशावर मत देतोय असं विचारलं.

"सुची, अगदी आपल्या मंडळासारखं गं," चारुदत्त कुजबुजला. "फक्त इथे शेवटी निर्णय होतो म्हणे."

बोलणाऱ्यांनी दारात एक कार्ड भरायचं होतं. बाजूने, विरोधात, की तटस्थ, यांपैकी एका चौकटीत खूण करायची. सुचित्राबाईंनी 'विरोधात'वर अशी खूण केली की कार्डाला भोक पडलं. चारुदत्तने 'तटस्थ' निवडलं. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला मुलगी, आणि मासा तर तो खातच नाही. त्या हॉलमध्ये त्याच्याइतका निःपक्षपाती माणूस दुसरा नव्हता.

मग ऋता उभी राहिली.

सुचित्राबाईंनी आपल्या मुलीला काम करताना आजवर पाहिलंच नव्हतं. राखाडी ब्लेझर, मागे बांधलेले केस, हातात रिमोट. समोर रबरी बूट घातलेले, हाताची घडी घातलेले दोनेकशे कोळी. ऋताने पडद्यावर आलेख दाखवले आणि शांतपणे सांगितलं की पोर्गी या खाडीत मे महिन्यातच अंडी घालत असावी, असं पाण्याच्या तापमानावरून वाटतं. मागून कुणीतरी ओरडलं की तापमानाला पोट असतं का. हॉल हसला. ऋताने हसणं संपेपर्यंत थांबून, डोळे न वळवता म्हटलं, "सर, मी तुमच्या प्रश्नाकडे येणारच आहे. तोवर खाली बसा." आणि तो दांडगा माणूस चक्क खाली बसला.

बाईंना तो आवाज ओळखीचा वाटला. थोड्या वेळाने उमगलं की तो लेबर रूममधला त्यांचा स्वतःचाच आवाज आहे. त्यांना इतका अभिमान वाटला की आपण विरोधात आलोय हे त्या क्षणभर विसरल्या.

पण तो दांडगा माणूस पुन्हा उठला. "मॅडम, गेल्या दोन वर्षांत तुमच्या हातात मे महिन्यातली एक तरी पोर्गी आली का?"

"नाही," ऋता म्हणाली. "सर्व्हे झाला नाही. माझ्याकडे तो डेटा नाही."

"म्हणजे अंदाज!" हॉलमध्ये टाळ्या पडल्या. टेबलाभोवतीची मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, विषय पुढे ढकलू या. ऋताने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच ठेवला. तिचा चेहरा तसाच होता, पण ती अंगठा बोटांच्या मुठीत दाबते तेव्हा तिचं काय चाललेलं असतं ते फक्त एका बाईला माहीत होतं, आणि त्याच बाईचं नाव आता पुकारलं गेलं.

सुचित्राबाई माइकपाशी गेल्या. एका हातात भाषणाचा कागद, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा.

"आपल्याला तीन मिनिटं आहेत," अध्यक्ष म्हणाले. "बोलणं माझ्याकडे बघून. स्टाफला थेट उद्देशून बोलायचं नाही."

"बरं. मग तुमच्यामार्फत सांगते," बाई म्हणाल्या. "स्टाफने पाणी प्यावं. घसा बसलाय तिचा."

ऋताने डोळे मिटून घेतले. अध्यक्षांनी गोंधळून तिच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग दोघींच्या नाकांकडे, आणि त्यांना काहीतरी उलगडल्यासारखं दिसलं.

बाईंनी डबा टेबलावर ठेवला. फ्रीझरमध्ये जपलेली मे महिन्यातली शेवटची गाबोळी त्यांनी पहाटे उठून तळली होती. रिकाम्या हाताने सभेला जायचं कसं, हा एक विचार, आणि खाल्ल्यावर कुणाची आपल्या विरोधात मत द्यायची छाती होणार नाही, हा दुसरा. पण टेबलाच्या टोकाला काउन्सिलचा वकील बसला होता. मतदानाआधी सदस्यांना खाद्यपदार्थ देता येणार नाही, तो म्हणाला, ही भेटवस्तू होते.

"भेट कसली? तोंडात टाकायला आणलंय थोडं."

मागून चारुदत्त उठला. त्याच्या आयुष्यात अशी संधी पुन्हा येणार नव्हती. "पॉइंट ऑफ ऑर्डर, मिस्टर चेअरमन. हा पदार्थ भेट म्हणून न घेता साक्षीतला पुरावा म्हणून दाखल करून घ्यावा."

वकिलाने बराच वेळ विचार केला आणि तसं करायला नियमांत आडकाठी नाही असं नाइलाजाने कबूल केलं. डब्यावर चिठ्ठी चिकटवण्यात आली. पुरावा क्रमांक चार. झाकण उघडताच वास टेबलभर फिरला, आणि चार-पाच सदस्य पुराव्याकडे जरा जास्तच लक्ष देऊन बघायला लागले.

मग सुचित्राबाई बोलल्या, आणि काय बोलल्या! कागद त्यांनी उघडलाच नाही. सगळी अमेरिका पोर्गीतलं सगळ्यात चांगलं ते फेकून देते, हे त्यांनी ठणकावून सांगितलं. मे महिन्यातल्या पोर्गीची सर वर्षभरात कशालाच नाही. "मी तीसहून जास्त वर्षं याच धक्क्यावरून मे महिन्यात मासा घेतेय, आणि एकदाही, एकदाही माझ्या नशिबी रिकामं पोट आलेलं नाही! भरलेली! गच्च भरलेली! जूनमध्ये घेऊन बघा, पोट चिपाड. जूनमध्ये मी त्या धक्क्याकडे फिरकत नाही."

कोळ्यांच्या बाजूने टाळ्या सुरू झाल्या होत्या, त्या कशाबशा थांबल्या. सॅलने डोक्यावरची टोपी काढून तोंडावर धरली.

टेबलामागून पांढऱ्या वेणीच्या एक बाई पुढे झुकल्या. त्या काउन्सिलवरच्या सगळ्यात जुन्या शास्त्रज्ञ होत्या आणि सकाळपासून विणकाम करत होत्या. त्यांनी सुया खाली ठेवल्या. "डॉक्टर, ती अंडी दिसायला कशी असतात? घट्ट, पिवळी?"

"सुरुवातीला पिवळी. महिन्याच्या मध्यावर दाणा मोठा होतो आणि आरपार दिसायला लागतो, शिजलेल्या साबुदाण्यासारखा. तेव्हा तव्यावर झाकण ठेवावंच लागतं, नाहीतर दाणे उडून छताला चिकटतात. आमच्या छताला आहेत अजून."

"पण ती वेचलेली असतात!" सॅलला राहवलं नाही, तो जागेवरून ओरडला. "मी फुगीर पोटाच्याच देतो तिला! तो काही खरा नमुना नाही!"

"बरोबर मुद्दा आहे," वेणीवाल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या. "मग एका खोक्यात फुगीर पोटाच्या किती निघतात, सॅल? शोधाव्या लागतात का?"

आपल्या मालाला कुणी कमी लेखलेलं सॅलला उभ्या जन्मात सहन झालं नव्हतं. "शोधाव्या? माझ्या खोक्यात? मे महिन्यात हात घालाल तिथे फुगीर! उरलेले सगळे नर, आणि ते तर नुसते उचलले तरी माझ्या एप्रनवर पांढरं सांडतात!"

सॅलच्या शेजारच्या कोळ्याने त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं, पण आता बसून काय उपयोग? ऋता भराभरा काहीतरी लिहीत होती.

वेणीवाल्या बाईंनी चष्मा काढला. "डॉक्टर, शेवटचा प्रश्न. तुमच्या कार्डावर लिहिलंय की तुम्ही प्रसूतितज्ज्ञ होता. तुम्ही जे वर्णन केलंत, त्या अवस्थेत एखादी पेशंट तुमच्यासमोर आली असती, तर तुम्ही काय म्हटलं असतं?"

आणि तेव्हा कुठे सुचित्राबाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपण इतका वेळ कुणाची बाजू मांडतोय, हे त्यांना उमगलं. माघार घेणं अजून शक्य होतं. मी डॉक्टर माणसांची, माशांचं मला काय कळतं, असं म्हणून त्यांना खाली बसता आलं असतं. विषय पुढे ढकलला गेला असता, येता मे मोकळा राहिला असता, स्टुलावर पोरगी बसली असती. त्यांनी ऋताकडे पाहिलं. ऋताने लिहिणं थांबवलं होतं आणि अंगठा पुन्हा मुठीत गेला होता. ती आईकडे बघत होती. आई काय सांगेल याची तिला खात्री नव्हती, आणि हेच सुचित्राबाईंना सगळ्यात जास्त लागलं.

तीस वर्षांत त्यांनी विम्याच्या माणसांना फसवलं असेल, नवऱ्यांना धाक घातला असेल. पण बाईचे दिवस भरलेत की नाही, याबद्दल त्या कधी खोटं बोलल्या नव्हत्या.

"पूर्ण दिवस भरलेत," त्या म्हणाल्या. "आज-उद्याकडे. घरी पाठवू नका. आणि हात लावू नका."

मे महिना बंद करायचा ठराव दोन मतांच्या फरकाने पास झाला. चारुदत्तला तटस्थ म्हणून बोलायला बोलावलं, तेव्हा त्याने फक्त सभा फार नीट चालल्याबद्दल अध्यक्षांचे आभार मानले, आणि त्यालाही तीन मिनिटं पुरली नाहीत. निकालानंतर वकिलाने पुरावा क्रमांक चार परत करायला डबा उचलला तर तो रिकामा होता. कुणी खाल्लं हे कुणीच सांगेना, पण वेणीवाल्या बाईंच्या विणकामाला हळद लागली होती.

सॅल दारात भेटला. "डॉक," तो म्हणाला, "पुढच्या वेळी तुम्ही त्यांच्या बाजूने बोला. म्हणजे आम्ही जिंकू." वर्षाला जेवढी पोर्गी पकडायची परवानगी होती तेवढीच राहिली होती, फक्त ती आता मे महिना सोडून पकडायची होती, त्यामुळे तो बुडाला नव्हता. पण चिडला होता, आणि ते त्याला शोभत होतं.

कॉरिडॉरमध्ये कॉफीच्या टेबलापाशी ऋता उभी होती. "मॉम, यू नो व्हॉट यू जस्ट डिड?"

"माहीत आहे. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला." बाईंनी कागदी कप हातात घेतला आणि परत ठेवला. "आता तू मेमध्ये कशाला येशील?"

"म्हणजे?"

"गाबोळीसाठी येतेस ना. एरवी दोन दिवस तरी टिकतेस का घरात?"

ऋता हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "ओह गॉड. आई. मी गाबोळीसाठी नाही येत." ती अडखळत मराठीत बोलायला लागली. "मेमध्ये तू मला काही विचारत नाहीस. तुझं सगळं लक्ष तव्यावर असतं. 'लग्न कधी' नाही, 'घर कधी घेणार' नाही, 'मेडिकलला का नाही गेलीस' नाही. तू फक्त तळतेस. आय लव्ह दॅट. दोन दिवस कोणी काही विचारत नाही."

सुचित्राबाईंनी तोच कागदी कप पुन्हा उचलला. मागून चारुदत्त म्हणाला, "मी हे गेली दहा वर्षं सांगतोय." तो खरंच सांगत होता. पण हळू.

मे महिन्यात ऋता आली. तव्यावर टाकायला काही नव्हतं, म्हणून चारुदत्तने स्वयंपाकघराचा ताबा घेतला आणि नागपूरची पाटवडी केली. बेसनाच्या वड्या आणि वर झणझणीत रस्सा. तीसहून जास्त वर्षं मे महिन्यात बाहेर डेकवर एकट्याने वरणभात खाल्लेल्या माणसाने त्या दिवशी असा रस्सा केला की तिघांच्या नाकातून पाणी आलं. ऋता स्टुलावर बसून पाय हलवत होती.

आणि सुचित्राबाई गप्प होत्या. शपथ घेतल्यासारख्या गप्प. शुक्रवारी संध्याकाळी ऋताचा फोन वाजला आणि ती हसत हसत बाहेर जाऊन बोलून आली, तेव्हा 'कोण गं?' हे दोन शब्द बाईंच्या दातांपर्यंत आले. त्यांनी पाटवडी तोंडात कोंबली. शनिवारी ऋता म्हणाली की नवं अपार्टमेंट बघतेय. बाईंनी आणखी एक पाटवडी कोंबली. रविवारपर्यंत त्यांच्या पोटात बेसनाचा गोळा झाला होता, पण एकही प्रश्न बाहेर पडला नव्हता.

ऋता निघाली. बॅग गाडीत टाकली, इंजिन सुरू केलं, मागे घेतली, आणि मग गाडी थांबवून काच खाली केली.

"आई, तू ठीक आहेस ना? वीकेंडभर एकदाही काही विचारलं नाहीस. इट्स फ्रीकिंग मी आउट."

"तूच म्हणालीस ना, विचारू नकोस."

"हो, पण..." ऋताने स्टिअरिंगवर बोटं वाजवली. "ओके. एक. एकच प्रश्न विचार."

मागे दारात चारुदत्तने डोळे मिटून घेतले. सुचित्राबाईंच्या मनात प्रश्नांची रांग लागली होती, आणि फोनवर हसणाऱ्या माणसाचा प्रश्न सगळ्यांना ढकलत पुढे आला होता. बाई गाडीपाशी गेल्या. काचेवर हात ठेवला. नाइट ड्यूटीनंतरच्या त्या सकाळी त्यांना एकदम आठवल्या, सीरियलचा बाउल, आणि वर बघणारे दोन डोळे.

"तुझ्या त्या पोर्ग्या," त्यांनी विचारलं, "सुटल्या का गं सगळ्या?"

ऋताने चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"सगळ्या नाही अजून," ती म्हणाली. "यंदा पाणी गार आहे ना, त्यामुळे थोडा उशीर होतोय. थांब, फोटो दाखवते. बोट परत सुरू झालीय आमची." आणि ती गाडीतून उतरून आईच्या मागोमाग घरात आली. त्या दिवशी ती निघाली ती जेवूनच.